सव्वाचार घटकांचं अंतर

संकष्टीच्या रात्री नागपूरची मावशी मुंबईच्या बहिणीच्या आधी जेवायला बसते. तिचं व्रत कमी कडक असतं म्हणून नव्हे, तर तिचा चंद्र आधी उगवतो म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात आणि मोदकांच्या वासाने कासावीस झालेलं घर त्यांत आपलं गाव शोधत असतं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला साधारण सव्वासहा अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे झाली पंचवीस मिनिटं, मोदक तेवढे लवकर.

चंद्रोदय सोडला तर उरलेला सगळा महिना आपण मिर्झापूरच्या वेळेने जगतो. उत्तर प्रदेशातल्या या गावाजवळून साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त जातं. तिथल्या सूर्याची जी सरासरी वेळ, ती साऱ्या देशाची वेळ, असं १ जानेवारी १९०६ पासून ठरलं आहे. देश रुंदीने जवळजवळ तीस अंशांचा आहे. म्हणजे पूर्व टोकाच्या आणि पश्चिम टोकाच्या सूर्यांत दोन तासांचं अंतर, आणि मनगटावर मात्र एकच वेळ. हा प्रकार नक्की कसा जगला जातो, ते पाहायचं तर दोन टोकांची दोन गावं घ्यावीत. मी घेतो द्वारका आणि दिब्रुगढ.

द्वारका ६९ अंशांवर, सौराष्ट्राच्या नाकाशी. दिब्रुगढ जवळजवळ ९५ अंशांवर, वरच्या आसामात, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावर. विमान सरळ रेषेत उडालं तर सुमारे २,७०० किलोमीटर. सूर्याला हे अंतर कापायला १०४ मिनिटं लागतात. जुन्या मापाने चोवीस मिनिटांची एक घटका धरली तर सव्वाचार घटका आणि वर दोन मिनिटं.

पण ही झाली सरासरी. जूनच्या २१ तारखेला दिब्रुगढला सूर्य पहाटे ४ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास उगवतो, द्वारकेत ६ वाजून ११ मिनिटांना. हा फरक भरतो तब्बल एक तास पंचावन्न मिनिटांचा. त्याच दिवशी सूर्य मावळतो दिब्रुगढला सहा वाजून आठ मिनिटांनी आणि द्वारकेत सात एक्केचाळीसला, म्हणजे फरक उतरून एक तास तेहतीस मिनिटांवर आला. डिसेंबरात हे सगळं उलटतं. तेव्हा सकाळचा फरक दीड तासाचा असतो आणि संध्याकाळचा जवळजवळ दोन तासांचा. दिब्रुगढ फक्त पूर्वेला नाही, ते पाच अंश उत्तरेलाही आहे. उत्तरेला उन्हाळ्याचा दिवस अधिक लांब असतो, हिवाळ्याचा अधिक आखूड. जूनमध्ये तिथला दिवस द्वारकेपेक्षा वीस-बावीस मिनिटांनी मोठा असतो, आणि ती जादा मिनिटं दिवसाच्या दोन्ही टोकांना वाटली जातात. डिसेंबरात द्वारका तेवढंच परत वसूल करते. रेखांश माणसाला उठवतो आणि निजवतो, पण हिशेबात अक्षांशही हात घालतो.

या आकड्यांतला एकच खरा बोचणारा आहे. डिसेंबरच्या बावीस तारखेला दिब्रुगढचा सूर्य दुपारी ४ वाजून २१ मिनिटांना मावळतो. दुपारी म्हणायचं की संध्याकाळी, हाच प्रश्न. मराठीत दिवेलागण म्हटलं की डोळ्यांसमोर सहा-साडेसहाची वेळ येते. देवापाशी निरांजन, पोरांना घरात हाक. तिथे दिवे लागतात तेव्हा सरकारी कचेरीत निम्मी फाईलसुद्धा हललेली नसते. द्वारकेच्या बँकेतला माणूस त्या क्षणी चहा मागवतो आहे, बाहेर लख्ख ऊन आहे आणि ते अजून दोन तास तसंच राहणार आहे. त्याने दिब्रुगढच्या शाखेत फोन लावला, तर घड्याळाच्या दृष्टीने दोघं एकाच वेळी बोलत असतात. एवढंच काय ते साम्य.

मध्यान्हीचं तर विचारूच नका. द्वारकेत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ५४ मिनिटांनी, आणि फेब्रुवारीत चक्क एक वाजून गेल्यावर. दिब्रुगढला अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर अकराच्याही आत. (माथ्यावर हा शब्द दिब्रुगढच्या बाबतीत सवलतीने वापरला. ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने सूर्य तिथे कधीच अगदी डोक्यावर येत नाही. द्वारकेत वर्षातून दोनदा येतो आणि सावली पायाखाली जाते.)

आता द्वारकेचं पाहा. द्वारकाधीशाच्या देवळाचं वेळापत्रक घड्याळावर छापलेलं आहे: मंगला आरती साडेसहाला, दुपारी एकच्या सुमारास दार बंद, संध्याकाळी पाचला पुन्हा उघडणार. परगावचा यात्रेकरू पावणेएकला धापा टाकत गोमती घाटाच्या छप्पन्न पायऱ्या चढून येतो आणि देवाची वामकुक्षी फार उशिरा सुरू होते, अशी कुरकुर करतो. माझ्या मते ती अगदी वेळेवर सुरू होते. एकचा सुमार म्हणजेच द्वारकेची खरी मध्यान्ह. देवळाने मिर्झापूरचं घड्याळ भिंतीवर लावलं, पण झोप आपल्याच सूर्याने ठरवली. हे कुणी आकडेमोड करून केलं असेल असं मला वाटत नाही. शतकानुशतकांची सवय घड्याळाच्या नव्या आकड्यांत अंग चोरून बसली, इतकंच.

मंगला आरतीची मात्र गंमत आहे. जूनमध्ये साडेसहाला उन्हं वर आलेली असतात. डिसेंबरात त्याच साडेसहाला बाहेर मिट्ट काळोख असतो, सूर्याला अजून तासभर अवकाश. शिखरावरची बावन्न गजांची ध्वजा मात्र घड्याळाकडे फारसं पाहत नाही. अबोटी ब्राह्मण दिवसातून अनेकदा वर चढून ती बदलतात. पूर्वी पाचदा बदलायचे, आता सहादा. वाऱ्याने फडफडणारं ते कापड गावात कुठूनही दिसतं.

या गावाशी आपलं एक जुनं नातं आहे, ते सहसा आठवलं जात नाही. द्वारका ज्या ओखामंडळात येते, तो मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्याचा तुटक तुकडा होता. तिथल्या वाघेर लोकांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस बंड केलं, इंग्रजांच्या तोफा बेट द्वारकेवर आणि द्वारकेवर चालल्या, पण अंमल पुढेही बडोद्याचाच राहिला. सयाजीराव महाराजांच्या काळात ओखा बंदर उभं राहिलं. जवळच मिठापूर आहे, तिथे १९३९ पासून टाटा केमिकल्सचा कारखाना समुद्राच्या पाण्यातून मीठ आणि सोडा काढतो. मीठ वाळतं ते घड्याळावर नव्हे, उन्हावर, आणि ऊन इथे मुबलक. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर.

दिब्रुगढला त्याच्या चौपटीहून अधिक पाऊस पडतो. ओखामंडळ पाण्यासाठी आसुसलेलं, तर दिब्रुगढ पाण्याला टेकीस आलेलं. १५ ऑगस्ट १९५० ला, देश स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा करत असताना, वरच्या आसामात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर कोसळले, गाळ वाहून आला, ब्रह्मपुत्रेचं पात्र उंचावलं आणि पुढच्या काही वर्षांत नदीने जुन्या गावाचा मोठा भाग गिळला. मग बंधारा बांधला. आज पुराच्या दिवसांत नदी गावापेक्षा उंचावरून वाहते आणि लोक बंधाऱ्यावर फिरायला जातात. माणूस कशालाही सरावतो.

अशा या गावाभोवती कोसांवर कोस चहाचे मळे आहेत आणि त्या मळ्यांत गेली शंभराहून अधिक वर्षं निराळी वेळ चालते. तिला म्हणतात बागान टाइम. मळ्याचं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. मळ्यात नऊ वाजले की गावात आठ वाजलेले असतात. मळ्यात पाचला सुट्टी झाली की गावातल्या कचेरीत चारच वाजलेले असतात आणि डिसेंबरातही मजूर बायका उजेडात घरी पोचतात. इंग्रज मळेवाल्यांनी ही सोय केली ती कनवाळूपणाने नव्हे. दोन पानं आणि एक कळी, असमियात ‘एटी कोली दुटी पात’, हे उजेडातच खुडता येतं. तोडलेलं पान त्याच दिवशी कारखान्यात जायला लागतं आणि साहेबाला वजन हवं असतं. ठरलेल्या वजनाची पानं भरली तर रोज मिळतो, जास्त भरली तर वर काही मिळतं. उजेडाचा तास वाया जाणं म्हणजे मळ्याच्या वहीत खोट. तरी त्यात मजुराचाही फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहाटे चारला उजाडणाऱ्या गावात आठ वाजेपर्यंत वाट पाहणं म्हणजे चांगली थंड वेळ दवडून मग भर उन्हात खुडायला उतरणं.

मला या वेळेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट हिशेबात सापडली. दिब्रुगढच्या रेखांशाची स्वतःची सूर्यवेळ लंडनच्या ग्रीनिचपेक्षा सहा तास वीस मिनिटांनी पुढे आहे. बागान टाइम साडेसहा तासांनी पुढे. फरक फक्त दहा मिनिटांचा! म्हणजे मळेवाल्यांनी घड्याळ पुढे ढकललं असं आपण म्हणतो, पण खरं तर त्यांनी ते जवळपास गावाच्या मूळ जागी आणून ठेवलं. बिनसलेली वेळ मळ्याची नव्हती.

हाच तंटा मुंबईनेही घातला होता, आणि जरा जास्त आवाजात. रेल्वे १८७० पासून मद्रासच्या वेळेने धावायची. सरकारने १८८१ मध्ये तीच वेळ मुंबईवर लादून पाहिली आणि दोन वर्षांत माघार घेतली. मग १९०६ साल उजाडलं आणि घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायचा हुकूम आला. त्या जानेवारीत कापडगिरण्यांच्या हजारो कामगारांनी मागांवरचे हात काढले, गिरण्यांवर दगड टाकले. ज्यांना आधीच अंधारात उठायला लागत होतं त्यांना आणखी ३९ मिनिटं अंधार मिळणार होता. महापालिकेने मुंबईची जुनी वेळच धरून ठेवली आणि ती धरली १९५५ पर्यंत. कलकत्त्याची वेळ १९४८ मध्येच संपली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षं मुंबईत रेल्वेचे दहा वेगळे आणि महापालिकेचे दहा वेगळे होते. दिब्रुगढच्या मळ्यांना हसायच्या आधी हे आठवावं.

दोन्ही भांडणांची दिशा मात्र उलटी आहे. मुंबईला घड्याळ मागे ठेवायचं होतं, आसामला पुढे न्यायचं आहे. पश्चिमेला उठवणं जड जातं, पूर्वेला निजवणं. चित्रपट दिग्दर्शक जाह्नू बरुआ यांनी पूर्वोत्तरासाठी वेगळ्या वेळेचा आग्रह वर्षानुवर्षं धरला. मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी २०१४ मध्ये बागान टाइम साऱ्या आसामला लागू करायची भाषा केली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये यासंबंधीची याचिका फेटाळली आणि त्याच वर्षी अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. देशाची वेळ जी सांभाळते, त्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आराखडाच दिला: आसाम आणि बंगालच्या सीमेपासून पुढे दुसरं घड्याळ, ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढे. वाचक थांबून पाहील तर हीच मळ्यांची वेळ. साहेबांनी जमाखर्चासाठी जे केलं, तेच अणुघड्याळवाल्यांनी विज्ञानाच्या भाषेत मांडलं.

सीमा तिथेच का? कारण तिथे देश चिंचोळा आहे आणि रेल्वेच्या घड्याळाचा घोळ न्यू कूचबिहार आणि अलिपूरद्वार अशा दोनच स्थानकांवर आवरता येईल, असा त्यांचा हिशेब. सरकारला तो पटला नाही. सामरिक कारणांमुळे दोन वेळा नकोत, असं २०१९ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. दुसऱ्या एका अभ्यासगटाने निराळा तोडगा काढला होता: साऱ्या देशाचं घड्याळच अर्धा तास पुढे करा, वीज वाचेल. वीज वाचेलही. पण द्वारकेचं काय? तिथे डिसेंबरात सूर्य साडेसातला उगवतो, तो आठला उगवू लागेल आणि पोरं काळोखात दप्तर घेऊन निघतील. पूर्वेच्या दुखण्यावरचं हे औषध पश्चिमेच्या घशात ओतायचं, यातला न्याय मला कळलेला नाही.

या वादात पश्चिमेचं कुणी बोलत नाही, कारण पश्चिमेला आपलं काही चुकतं आहे असं वाटतच नाही. लांबलेली संध्याकाळ कुणाला नको असते? मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांची झोप तपासली तेव्हा दिसलं की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. उजेड असेतो मूल अंथरुणाला पाठ टेकत नाही आणि शाळेची घंटा तर घड्याळावर वाजते. मग झोप दोन्हीकडून कापली जाते. हा तोटा अभ्यासातही उतरतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे एकाच घड्याळाचा भुर्दंड दिब्रुगढ उजेडात भरतं आणि द्वारका झोपेत. दिब्रुगढला ते समजतं म्हणून ते ओरडतं. द्वारकेची पोरं वर्गात जांभया देतात आणि मास्तर त्यांना आळशी म्हणतात.

चीन आपल्याहून दुप्पट रुंद आहे आणि तिथेही बीजिंगची एकच वेळ. त्याच्या पश्चिमेच्या शिनजियांगमध्ये लोक बीजिंगच्या दोन तास मागची वेळ आपसात पाळतात आणि भेट ठरवताना कुठली वेळ ते विचारून घेतात. जिथे सरकार सूर्याला आवरू पाहतं, तिथे लोक दोन घड्याळं बाळगायला शिकतात.

आपल्याकडे तर हे दुसरं घड्याळ घरात टांगलेलंच आहे. पंचांगाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो, आणि सूर्योदय ज्याचा त्याचा. जूनमधल्या एखाद्या दिवशी पहाटे पाचला तिथी संपली, असं समजा. दिब्रुगढचा सूर्य त्याआधीच उगवलेला असतो, म्हणून तिथे तो सारा दिवस त्या तिथीचा. द्वारकेत सूर्य उगवेतो पुढची तिथी लागलेली असते. मग एकच एकादशी दोन टोकांना दोन वारी यायची, आणि त्यात कुणाचंच चुकलेलं नसतं. दिल्लीतून निघालेल्या एका वेळेला जे जमलं नाही, ते पंचांगाने फारसा आव न आणता केलं. गावाचं नाव विचारल्याशिवाय त्याने वेळ सांगितलीच नाही.

दोन्ही गावं आता पूर्वीसारखी टोकाला राहिलेली नाहीत. दिब्रुगढजवळचा जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचा बोगीबील पूल २५ डिसेंबर २०१८ ला खुला झाला आणि ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे रेल्वे गेली. ओखा ते बेट द्वारका होडीने जायचं, तिथे २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू आहे. देशातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक, विवेक एक्स्प्रेस, दिब्रुगढहून कन्याकुमारीला जाते. त्याच नावाची दुसरी ओख्याहून तुतिकोरिनला.

ओख्याहून गुवाहाटीलाही एक गाडी जाते, तिचं नावच द्वारका एक्स्प्रेस. तीत बसून पुढे दिब्रुगढपर्यंत जायचं ठरवलंत तर साऱ्या प्रवासात घड्याळाला एकदाही हात लावावा लागणार नाही. पण तिथे कुणाच्या मळ्यावर पाहुणे म्हणून उतरणार असाल, तर रात्री निजण्याआधी यजमानांना एक विचारून ठेवा: सकाळचा नाश्ता आठला, म्हणजे कुठल्या आठला?